टाकीत मेलेली वसाहत मोजायची की फेकायची?

संशोधनात पडायच्या आधी मेथड्स सेक्शन नीट वाचायची सवय लावायची असेल, तर रिचर्ड ग्रॉसबर्ग यांचा १९८८ चा ‘इव्होल्यूशन’मधला पेपर घ्या. विषय आहे बॉट्रिलस श्लोसेरी, म्हणजे वसाहत करून राहणारा सी स्क्वर्ट. खडक, बोटींचे तळ, समुद्री गवत यांवर तो मऊ, चपट्या थरासारखा पसरतो. थरावर चांदण्यांसारखी नक्षी दिसते. चांदणीची प्रत्येक पाकळी म्हणजे एक झुऑइड. एका अळीपासून सुरुवात होते आणि पुढे कळ्या फुटत वसाहत वाढते.

अमेरिकेत वुड्स होलच्या ईल पाँडमध्ये ग्रॉसबर्ग यांना दोन प्रकारच्या वसाहती सापडल्या. एक झपाट्याने वाढते, एकदाच प्रजनन करते आणि लगेच मरते. दुसरी साधारण निम्म्या वेगाने वाढते, उशिरा प्रजनन सुरू करते, पण मरण्याआधी किमान तीन खेपा देते. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत पहिलीचं राज्य, नंतर दुसरीचं.

कोणीही म्हणेल, ऋतूचा परिणाम असेल. पेपरची खरी ताकद इथे आहे. दोन्ही प्रकार सारख्या परिस्थितीत वाढवले, तळ्यात आणि प्रयोगशाळेतही. शिवाय संकर करून पाहिले. निष्कर्ष: फरकाचं मूळ आनुवंशिक आहे.

आता समजा, काम फक्त टाकीत झालं असतं. वसाहत मेली की आपण पाणी, खाद्य, तापमान तपासतो, आणि ते बरोबरच आहे. पण एकदाच प्रजनन करणारी वसाहत उत्तम पाण्यातही मरणारच. तिला ‘देखभाल चुकली’ म्हणून वगळलं आणि टिकलेल्यांचीच पैदास केली, तर टाकीत हळूहळू एकच प्रकार उरेल. मग तोच या प्राण्याचा स्वभाव वाटू लागेल.

माझा आक्षेप एकच. हे एका लहान, आडोशाच्या तळ्यातलं चित्र आहे. पुढे जनुकीय अभ्यासांत दिसलं की बॉट्रिलस श्लोसेरी या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या वंशरेषा आहेत. ईल पाँडमधल्या दोन प्रकारांचा संकर झाला, म्हणून तिथला निष्कर्ष टिकतो. पण तो दुसऱ्या बंदरातल्या वसाहतींना सरळ लावता येणार नाही.

टाकीतल्या प्राण्यांवरचा कुठलाही पेपर वाचताना आधी हिशेब मागा: सुरुवातीला वसाहती किती होत्या, मेल्या किती, आणि मेलेल्या कुठल्या रकान्यात गेल्या? रकानाच नसेल, तर सरासरीवर विश्वास ठेवायची घाई करू नका.