शेवटची तारीख कुणी ठरवायची?

भाऊबीज आटोपली की साकोली तालुक्यातल्या गावागावांत मंडया, म्हणजे इथल्या जत्रा, भरू लागतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, धान कुठे कापणीला तर कुठे खळ्यावर आलेलं असतं, आणि पानठेल्यावर यंदा कोणत्या गावाने कोणतं नाटक आणलं याची चर्चा चालते. या चर्चेत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे अमुक नटाने आता थांबावं की नाही. ‘बुढ्याचा दम भरते आता, थांबाले पायजे ना बाप्पा,’ असं एक जण म्हणतो. दुसरा लगेच उसळतो, ‘तो नसन तं नाटक आनाचा कायले?’ तिसऱ्याकडे पूर्ण योजनाच तयार असते : शेवटचा सिझन जाहीर करावा, पहिलं नाटक ज्या गावात झालं तिथेच शेवटचं करावं, जुन्या सगळ्या जोडीदारांना मंचावर बोलवावं. ज्याच्याविषयी हा खल चाललेला असतो, तो त्या वेळी पुढच्या गावाच्या वाटेवर गाडीत शाल ओढून झोपलेला असतो.

म्हाताऱ्या कलावंताचा शेवट रसिकांनी परस्पर ठरवायचा, ही खोड केवळ आपली नाही. पाश्चात्त्य रॉक बँडांचे चाहते वर्षानुवर्षं हाच उद्योग करत आले आहेत. ‘किस’ या अमेरिकन बँडने २००० साली निरोपाचा दौरा काढला, मग परत आले आणि २०१९मध्ये दुसरा निरोप सुरू केला. तो डिसेंबर २०२३पर्यंत चालला. शेवटच्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी जाहीर केलं, की यापुढे आमच्या जागी संगणकावर घडवलेल्या आमच्या प्रतिमा गातील. ‘ब्लॅक सबाथ’चा अखेरचा दौरा २०१७च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅममध्ये संपला होता, तरी ५ जुलै २०२५ला ते त्याच शहरात पुन्हा एकदा जमले. त्यांचा गायक ऑझी ऑसबर्न आजाराने उभा राहू शकत नव्हता, म्हणून सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. त्याच्याआधी दिवसभर पुढच्या पिढीतल्या बँडांनी येऊन आपली हजेरी लावली. २२ जुलैला ऑझी गेला. जिथे वाढला त्याच वस्तीतल्या मैदानावर, बसून का होईना, शेवटचं गाणं. आमच्या पानठेल्यावरच्या तिसऱ्या माणसाची योजना याहून फार वेगळी नाही.

फरक आहे तो व्यवहाराचा. निरोप जाहीर केला की तिकिटं महाग होतात, हे तिकडचं गणित आहे. झाडीपट्टीत निरोप जाहीर केला की पुढच्या सालच्या तारखा जातात.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. या मुलखाची रंगभूमी शंभराहून अधिक वर्षांची असून ती दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकनाट्यांतून वर आली आणि पुढे संगीत नाटकाच्या वळणावर गेली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथल्या लोककला यांचा अभ्यास आयुष्यभर लावून धरला नसता, तर या वंशावळीविषयी आपण फक्त अंदाज बांधत बसलो असतो. आजचा धंदा मात्र वडशाहून, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजहून चालतो. पावसाळा सरला की नाट्यसंस्थांच्या तिथल्या कार्यालयांत गावोगावची मंडळं जातात, नाटक पाहून किंवा नुसतं नाव ऐकून तारीख पक्की करतात. दिवाळीपासून होळीपर्यंत आणि क्वचित त्याच्याही पुढे हा सिझन चालतो. खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. सरकारी अनुदानाविना, तिकिटावर आणि गावाच्या वर्गणीवर एवढ्या मोठ्या प्रमाणात उभी असलेली दुसरी मराठी रंगभूमी आज मला दिसत नाही.

ती उभी आहे, पण कशी उभी आहे, हे पाहायला हवं. पूर्वी नाट्यपद गाणारा नट हा खेळाचा कणा असे आणि त्याच्या गळ्यासाठी लोक दहा कोस चालत येत. आता गाण्याची जागा बऱ्याच अंशी ध्वनिमुद्रित नाचाने घेतली आहे. अंकाच्या मध्ये लावणी येते, तिचा कथेशी काही संबंध नसतो आणि तो असावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. नाटकांची नावं बघावीत तर कुंकू, पदर, सवत, बाप, रक्त यांच्याभोवती फिरतात. पोस्टरवर मुंबईच्या मालिकेतला एखादा चेहरा असला की तारीख लवकर जाते. तो चेहरा दोन प्रवेशांपुरता येतो, आणि उरलेली रात्र स्थानिक नट खांद्यावर वाहतात. संहिता बहुधा एकाच सिझनसाठी लिहिली जाते. यात सगळं वाईटच आहे असं नाही. दारू, हुंडा, कर्ज आणि शेतकऱ्याची आत्महत्या हे विषय या मंचावर इतक्या थेट येतात, की शहरी प्रायोगिक रंगभूमीला हेवा वाटावा. पण जे नाटक एका सिझनपलीकडे जगतच नाही, त्यातला नट म्हातारा होतो तेव्हा त्याच्यापाशी पुढच्याला द्यायला भूमिका उरत नाही. उरतं ते फक्त त्याचं नाव.

नाव किती काळ पुरतं, हे भूमिकेच्या जातीवर ठरतं. गाणारा नट सगळ्यात आधी संपतो, कारण रात्रीचं जागरण आणि दवातला वारा गळ्याला क्षमा करत नाही. खलनायकाचं वयाने फारसं बिघडत नाही, उलट आवाज घोगरा झाला की त्याचं काम भागतं. विनोदी नट मात्र मुरत जातो. परशुराम खुणे हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा हा शेतकरी नट. त्यांच्या नावावर ५,०००हून अधिक प्रयोग सांगितले जातात. ‘एकच प्याला’मधला त्यांचा तळीराम या भागात गाजला आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी थांबावं असं पानठेल्यावर कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. झाडीबोलीतला हजरजबाबीपणा हे ज्याचं भांडवल, त्याला पळायचं काम नसतं. तो उभा राहिला तरी पुरे.

आणि बाई? तिच्या निवृत्तीची चर्चा कधी होतच नाही, कारण तिला निवृत्त करण्याची पद्धत अगदी गुपचूप आहे. चार-सहा सिझन नायिका, मग वहिनी, मग आई, मग एका सालात वडशाहून बोलावणंच येत नाही. तिचा शेवटचा प्रयोग कोणता झाला, हे कधीकधी तिलाही नंतरच कळत असेल. रसिकांची सगळी हळहळ पुरुष नटांसाठी राखीव आहे. समीक्षक म्हणवणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. आम्ही या बायकांच्या नुसत्या नावांची यादीसुद्धा नीट करून ठेवलेली नाही.

‘एकच प्याला’चा उल्लेख आलाच आहे तर त्याची दुसरी बाजूही पाहू. राम गणेश गडकरी सावनेरला जानेवारी १९१९मध्ये गेले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्याला रंगमंचावर आणलं. बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. पुढे कर्जं झाली, बोलपट आले, बायका बायकांची कामं करू लागल्या, तरी बालगंधर्व लुगडं नेसून उभे राहतच गेले. साठी उलटली तरी. त्या काळच्या रसिकांतही असेच दोन तट होते : बालगंधर्वांनी आता थांबावं म्हणणारे, आणि गळा आहे तोवर बाकीचं दिसत नाही म्हणणारे. माझं मत पहिल्या तटाकडे झुकतं, पण एका अटीवर. कर्जात बुडालेल्या माणसाला थांब म्हणणाऱ्याने त्याच्या रोजच्या खर्चाचंही बोलावं. नाहीतर तो सल्ला म्हणजे नुसती आपल्या डोळ्यांची सोय.

शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ सुरूच मुळी एका नटाच्या निवृत्तीने होतं. गणपतराव बेलवलकर थांबतात, जवळचं सगळं वाटून टाकतात आणि पुढची वाताहत आपण जाणतो. त्या नाटकाचा प्रत्यक्षातला इतिहास मात्र आशादायी आहे. डिसेंबर १९७०मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी ती भूमिका उभी केली, आणि त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती पेलली. लागूंसारखं कुणाला जमलं नाही, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण भूमिका हातोहात पुढे गेली. लागूंना थांबता आलं, कारण बेलवलकर त्यांच्यावाचून उभा राहू शकत होता. माझ्या मते कलावंताच्या सन्मानाने थांबण्याची खरी अट एवढीच आहे. हारतुरे आणि सत्कार नंतरचे.

ही अट एकेकाळी आमच्या लोककलांत आपोआप पुरी होत असे. खडी गंमतीत म्हातारा शाहीर मागे सरकून डफ धरी आणि तरणा पुढे येऊन सवाल टाकी. नाच्याचं काम एका पोराकडून दुसऱ्याकडे जाई. दंडार तर गावाचीच, तिच्यात कोण आलं-गेलं याची कुणी नोंद करत नसे. थांबणं ही गोष्ट तिथे नव्हती, जागा बदलणं होतं. आता गावोगावच्या दंडारी मंडळांत मधली फळीच दिसत नाही. पोरं नागपूर-पुण्याला गेली, मागे साठीचे लोक तुणतुणं घेऊन उभे आहेत, आणि मंडई आली म्हणून उभे आहेत. इथे प्रश्न एका नटाच्या निवृत्तीचा नाही. अख्खी मंडळी एकाच वेळी म्हातारी होते आहे.

वर दोन धक्के बसले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री नाटक ही इथली जुनी रीत असल्याने पट थांबला तिथल्या तारखाही गेल्या. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३च्या निकालाने ती पक्की झाली. मधल्या काळात करोनाने सिझन बुडवला. तरुण नटाला असा खंड पडला तर तो ट्रॅक्टर चालवतो, दुकानात बसतो आणि परत येतो. पासष्टीच्या नटाला परत यायला गुडघे साथ देत नाहीत. कितीतरी जण त्या खंडातच थांबले, आणि त्यांच्यासाठी शेवटचा सिझन जाहीर करायला कुणी नव्हतं.

सरकारची ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना आहे. २०२४ साली ते महिना ५,००० रुपये करण्यात आलं आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. वाढ स्वागतार्हच आहे. पण अर्जासोबत कलेतल्या कामाचे पुरावे मागितले जातात, आणि ज्याने उभी हयात रात्रीच्या अंधारात मंडपात काढली त्याच्याकडे पुरावा म्हणून काय असणार? फाटकं हँडबिल, एखाद्या मंडळाचं रंग उडालेलं सन्मानचिन्ह. नाट्यसंस्थांनी दर सिझनअखेर प्रत्येक कलावंताला, त्यात ऑर्गनवाला, तबलजी, पडदे ओढणारा हेही आले, कोणत्या नाटकात किती रात्री काम केलं याचं सही-शिक्क्याचं पत्र दिलं, तर पुढच्या पंधरा-वीस वर्षांनी अर्ज करणाऱ्याची वणवण वाचेल. याला पैसा लागत नाही.

रसिकांच्या योजनांकडे परत वळायचं तर, शेवटचा सिझन जाहीर करण्याला माझा विरोध नाही. पण तो निरोपाचा नव्हे, सोपवणीचा असावा. एकाच रात्री पहिला अंक जुन्या नटाचा आणि दुसरा त्याच्या शिष्याचा, असं का होऊ नये? पहाटेपर्यंत चालणाऱ्या आमच्या खेळात वेळेची काय कमी? प्रेक्षक कुरकुर करतील, तुलना करतील, शिट्ट्याही मारतील. मारू देत. ती तुलना समोरासमोर झाली तरच नवा नट तयार होतो. जुना नट कायमचा थांबल्यानंतर त्याच्या आठवणीशी झुंजायला नव्याला लावलं, तर तो हरणारच.

त्यासाठी एक सिझनभर चालून संपणाऱ्या नाटकांच्या जोडीला चार-दोन नाटकं तरी टिकवावी लागतील. नवं नाटक, नवं नाव, नवा चेहरा याशिवाय तारीख जात नाही, असं संस्थाचालक म्हणतात. त्यांचं खोटं नाही, कारण मागणी आपणच तशी करतो. म्हणून यंदा तारीख पक्की करायला वडशाला जाणाऱ्या साकोली, लाखनी, लाखांदूरच्या मंडळांना एक विनंती आहे. मुंबईहून कोण येणार हे जरूर विचारा. त्यासोबत हेही विचारा, की मुख्य भूमिका दुसऱ्या कुणाची पाठ आहे का आणि संहितेची वही नेमकी कुणापाशी आहे. दोन्हींची उत्तरं देणाऱ्या संस्थेलाच तारीख द्या.