मडकं जाडंभरडं का असतं?

सोनाळ्यात उन्हाळ्यासाठी माठ घेताना लोक आधी तो बोटाने वाजवून बघतात, नक्षी नंतर. पुरातत्त्वात मात्र आपण बऱ्याचदा उलटं करतो. आज थोडी त्याबद्दलची तक्रार.

इनामगाव घ्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलं. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा १९८८चा अहवाल आजही वाचावा असा आहे. घरातल्या चुली, चुन्याने लिंपलेली पेवं, चार पायांच्या रांजणाखालचे चार सपाट दगड, सगळं त्यात येतं. पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्यकोठार सापडलं, म्हणून ते गावप्रमुखाचं घर असा तर्कही ढवळीकरांनी केला. म्हणजे साठवणीतून समाज वाचला गेला.

पण शिजवणीचं काय? जोर्वे भांडी म्हटलं की आपल्यासमोर येतं ते तांबूस, काळ्या नक्षीचं, तोटीचं भांडं. चुलीवरच्या मडक्याला मात्र ‘जाडंभरडं’ असं नाव देऊन आपण पुढे जातो.

आता हे बघा. बारीक, घट्ट मातीचं भांडं थेट जाळावर ठेवलं तर तडकायची भीती जास्त. मातीत वाळू किंवा भुसा मिसळला की तापण्या-निवण्याचा ताण भांडं सोसतं, पडलेली बारीक चीरही लांब जात नाही. म्हणजे तो भरडेपणा अडाणीपणा नाही, ते कौशल्य आहे. इनामगावात जव आणि कुळीथ मिळाले आहेत. कुळीथ तासभर उकळायचा तर असंच मडकं हवं. त्यातूनच दात नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि दूध सुटणाऱ्या पोरांना मऊ अन्न देता येतं. गावप्रमुख असो की नसो, हे काम रोज घरोघर होत असणार.

याचा पुरावा खापरातच असतो. कच्च्या-पक्क्या मातीच्या छिद्रांत स्निग्धांश मुरतो आणि हजारो वर्षं टिकू शकतो. जपानमधल्या शिकारी-संकलकांच्या जोमोन भांड्यांत मासे शिजायचे, हे २०१३ साली अशाच अंशांवरून कळलं. शेती नसतानाही मडकं होतं, हेही लक्षात घ्या.

आणि आपण काय करतो? उत्खननात निघालेली खापरं ब्रशने घासून धुतो. नक्षी उजळते, पण काजळी आणि करपलेला थर जातो.

मागणी साधी आहे. प्रत्येक थरातली चुलीवरची काही खापरं न धुता, वेगळी ठेवा. जेवण काय होतं, हे त्यांनाच विचारायचं आहे.