टोमण्यांचा जमाखर्च

मराठी माणूस जन्मजात टीकाकार. नाटकावर, सरकारवर आणि शेजारच्या घरून आलेल्या श्रीखंडावर तो बिनपगारी टीका करतो. मग क्रिकेटच्या मैदानावर जी शिवीगाळ चालते तिलाच कुणी समीक्षक का असू नये? साहेबाच्या भाषेत तिला ‘स्लेजिंग’ म्हणतात. हा शब्द म्हणे लोहाराच्या घणावरून आला. घण घालायचा तो मात्र समोरच्याच्या डोक्यात, आणि तोही तोंडाने!

आता मी पडलो बी.कॉम. वाङ्मयातला रस, अलंकार वगैरे भानगड आपल्याला कळत नाही. पण नावे-जमा कळतं. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून एवढं शिकलो, की तोंडातून गेलेला शब्दही कुठल्यातरी खात्यावर पडतोच. तेव्हा ही समीक्षा आपली खतावणीच्या पद्धतीने.

सुरुवात घरच्या खात्यापासून. म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यापासून. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. पण एसटीत बसताना माणूस अजून ‘एक नगर द्या’ असंच म्हणतो.) आमच्या श्रीरामपूरचा झहीर खान २००७ साली नॉटिंगहॅमच्या कसोटीत फलंदाजीला आला, तर खेळपट्टीवर जेलीबीन्स पडलेल्या! जेलीबीन म्हणजे आपल्या बडीशेपेच्या गोळीची इंग्लंडात शिकलेली थोरली बहीण. कुणीतरी त्या मुद्दाम टाकल्या होत्या. झहीरने बाजूला केल्या, तर पुन्हा हजर.

समीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप कल्पनेच्या दारिद्र्याला आहे. अहो, डिवचायचं कुणाला, तर श्रीरामपूरच्या माणसाला. आणि कशाने, तर गोडाने? विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना काढला तो ह्याच जिल्ह्यात. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी उसाचं कांडं चोखायला लागतं. त्याच्यापुढे चार गोळ्या टाकून काय होणार?

झहीर मात्र संतापला. बॅट रोखून तो पीटरसनवर खेकसला. पीटरसन म्हणाला, मी नव्हे. म्हणजे नोटीस बहुधा चुकीच्या पत्त्यावर गेली, पण वसुली चोख झाली. दुसऱ्या डावात झहीरने ७५ धावांत ५ बळी घेतले. १२४ धावांवर ठाण मांडून बसलेल्या कर्णधार वॉनचा त्रिफळा त्यानेच उडवला. भारत सात गड्यांनी जिंकला, आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडात मालिका जिंकला.

झालं! तेव्हापासून चहाच्या टपरीवर सिद्धांत तयार आहे: ‘आपल्या माणसाला डिवचू नये, डिवचला की पेटतो.’ ह्या सिद्धांताला माझी हरकत आहे, आणि ती निव्वळ हिशेबाची. पहिल्या डावात, जेव्हा कुणी एक गोळीही टाकली नव्हती, तेव्हा झहीरने ५९ धावांत ४ बळी घेतले होते. बिनगोळीचे चार आणि गोळीचे पाच. म्हणजे सगळ्या जेलीबीन्सच्या नावावर फार तर एक बळी जमा होतो! बाकीचे आठ त्याच्या मनगटाचे आणि मेहनतीचे. पण मेहनतीचं श्रेय रागाला द्यायची आपल्याला भारी हौस. राग सोपा असतो ना! मेहनतीला पहाटे उठावं लागतं.

दुसरं खातं ऑस्ट्रेलियाचं. जानेवारी २०२१, सिडनी. अश्विन आणि विहारी काही केल्या बाद होईनात, तेव्हा यष्टिरक्षक कर्णधार टिम पेन अश्विनला म्हणाला, ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर कधी एकदा येतोस असं झालंय. अश्विननेही त्याला भारतभेटीचं आमंत्रण देऊन टाकलं. आमंत्रणाचा मजकूर दोन्हीकडून बेताचाच. त्यानंतर थोड्याच वेळात पेनने विहारीचा झेल सोडला, सामना अनिर्णित राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर माफी मागितली. गंमत पुढेच आहे. ज्याला आमंत्रण होतं तो अश्विन दुखापतीमुळे गाबावर खेळलाच नाही. पण त्याच्या पानावरचं बाकीचे जेवून आले! १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया तिथे एकही कसोटी हरला नव्हता. आपण ती तीन गडी राखून जिंकली, आणि मालिका २-१.

कर्णधार कोण? आमच्या संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे. जिंकल्यावर त्याने काय केलं, तर शंभरावी कसोटी खेळणाऱ्या नेथन लायनला सगळ्यांच्या सह्या केलेला शर्ट दिला. घरी आल्यावर लोकांनी कांगारू बसवलेला केक पुढे केला, तो कापायला त्याने नकार दिला.

‘छे, फार मऊ माणूस!’ आमच्या कॅश खात्यातले एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या मते कर्णधार कसा आक्रमक हवा. मी त्यांना तिसरं खातं उघडून दाखवलं.

सप्टेंबर २०२२, कोइमतूर, दुलीप करंडकाचा अंतिम सामना. पश्चिम विभागाचा कर्णधार रहाणे. त्याचा यशस्वी जयस्वाल दक्षिणेच्या रवी तेजाला सारखा बोलत होता. पंचांनी सांगितलं, रहाणेने समजावलं. पोरगं थांबेना. तेव्हा रहाणेने त्याला सरळ मैदानाबाहेर पाठवलं. काही षटकांनी तो परत आला. पश्चिम विभाग २९४ धावांनी जिंकला.

परक्याच्या शिवीवर चिडायला धैर्य लागत नाही, त्याला सगळा गाव साथ देतो. आपल्या माणसाची शिवी नावे टाकायला मात्र छाती लागते. आमच्या वाडिया पार्कात संध्याकाळी पोरं खेळतात. त्यांना यॉर्कर टाकता येत नाही, पण बाद झालेल्याला बोट दाखवून वाट कशी दाखवायची हे पाठ आहे. ती दूरदर्शन संचापुढे बसून शिकली, आणि शेजारी बसून टाळ्या आपण वाजवल्या. तेच समोरच्या संघाने केलं की आपण लगेच संस्कृती काढतो. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी! अशी वही ऑडिटमध्ये पहिल्याच दिवशी अडकते.

आणि जाता जाता, आमच्या कॅश खात्यातल्या गृहस्थांसाठी एक टीप. रहाणेने बाहेर काढला तो कुणी बिनकामाचा बारावा गडी नव्हता. त्याच सामन्यात २६५ धावा करून सामनावीर ठरलेला पोरगा होता. आपल्या कचेऱ्यांतून बिनकामाच्या माणसालाच तेवढी समज दिली जाते. कामाच्या माणसाची जीभ साहेब हसून खपवून घेतात. कमावत्या माणसाला बाहेर उभं करणारा साहेब मी अजून पाहिलेला नाही. आमच्या जिल्ह्याने असा एक कर्णधार दिला, ही रक्कम आम्ही जमेच्या बाजूला, तांबड्या शाईने अधोरेखित करून ठेवली आहे.