पोतराजाचा पुत्र

बीड जिल्ह्यांतील दुकडेगांवचे कै. एकनाथ आवाड यांचें ‘जग बदल घालुनी घाव’ हें आत्मचरित्र वाचून खालीं ठेवितांना आम्हांस आनंदापेक्षां संकोच अधिक वाटला. आम्ही याच जिल्ह्यांत इंग्रजी शिकवितों. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांचीं भाषणें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत समरसून वाचून दाखविलीं. आवाडांचें नांव मात्र आमच्या तोंडून कधीं निघालें नाहीं!

आवाड मातंग कुळांत जन्मले. वडील पोतराज, अंगावर आसूड ओढून दारोदार मागावें, हीच घरची वृत्ति. ही प्रथा मोडण्याचा निश्चय केल्यावर पुत्रानें पित्याच्याच जटा उतरविल्या. ग्रंथांतील हा प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. परक्याच्या घरीं सुधारक होणें सोपें. येथें सुधारणेची किंमत स्वतःच्या घरानें मोजिली.

किंग १९५९ सालीं भारतांत आले असतां केरळांतील एका शाळेंत त्यांची ओळख ‘अमेरिकेंतील अस्पृश्य’ अशी करून देण्यांत आली. क्षणभर ते दुखावले. मग विचारान्तीं त्यांनीं ती ओळख स्वीकारिली. साम्य येथेंच संपत नाहीं. त्यांचा लढा १९५५ सालीं माँटगोमेरींतील बसच्या आसनापासून निघाला आणि १९६८ सालीं मेंफिसच्या संपकरी सफाई-कामगारांपाशीं पोहोंचला. तेथेंच त्यांची हत्या झाली. मानाची मागणी शेवटीं भाकरीपाशीं येते, हा त्याचा अर्थ. आवाडही मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यांतून गायरानाकडे वळले. भूमिहीनांनीं गायरानांत नांगर घालावा आणि तो कब्जा सरकारदप्तरीं लागावा, याकरितां त्यांचें मानवी हक्क अभियान झुंजलें. १४ एप्रिल १९९० पर्यंतचीं अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचा निर्णय शासनानें १९९१ सालीं घेतला खरा. पण निर्णय आणि सातबारा यांत केवढें अंतर असतें, हें खेड्यांत राहणाऱ्यास सांगावयास नको.

चळवळ अनेकांची आणि कथा एकाची, ही आत्मचरित्रकाराची नेहमींची अडचण येथेंही जाणवते. नांगर धरणाऱ्या सोबत्यांचे चेहरे आणखी स्पष्ट दिसते, तर बरें झालें असतें. परंतु दैन्याचें प्रदर्शन येथें नाहीं, हा गुण थोर होय.

आवाड २०१५ सालीं निवर्तले; जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ सालीं निघाला. शेजारच्या शिवारांतील माणूस ओळखण्यासाठीं आमच्यासारख्यांनीं इंग्रजीची वाट पाहावी काय? दूरच्या अन्यायाचा कळवळा फुकट येतो; जवळचा अन्याय आपणांस साक्षीस बोलावितो. म्हणून हा ग्रंथ वाचकांनीं घरांतील मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.