बुद्धिबळाचा पट आणि वऱ्हाडचे राजकारण : एका रूपकाची चिकित्सा

मराठेशाहीच्या उत्तरार्धाविषयी लिहिताना ‘बुद्धिबळाचा पट’ हे रूपक आपल्या लेखकांच्या हाताशी इतके तयार असते की, ते आपण वापरले याची जाणीवही पुष्कळदा त्यांना राहत नाही. शह, काटशह, मात, प्यादे, वजीर हे शब्द मराठीच्या अंगवळणी पडले आहेत. ऐतिहासिक कादंबरीत ते येतात, चरित्रग्रंथांत येतात, आणि पदव्युत्तर प्रबंधिकांतही बिनदिक्कत येतात. रूपक वापरूच नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु रूपक म्हणजे केवळ अलंकार नव्हे. ते आपल्याबरोबर एक रचना घेऊन येते, आणि ती रचना नकळत विषयावर लादली जाते. अठराव्या शतकातील वऱ्हाडच्या बाबतीत असे घडले आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

आज रूढ असलेला पट पाहावा. बाजू दोन, आणि प्रत्येक बाजूस राजा एक. बाकीचे सारे मोहरे त्या राजासाठी. मोहरा कितीही मोठा असला तरी तो बाजू बदलत नाही, आणि राजा कोंडला की डाव संपतो. ही रचना मराठेशाहीस लावली म्हणजे छत्रपती हे राजा, पेशवा हा वजीर, आणि भोसले, शिंदे, होळकर हे हत्ती-घोडे, असा अर्थ आपोआप निघतो. मग नागपूरकर भोसल्यांनी निजामाशी संधान बांधताच लेखकास ‘फितुरी’ हा शब्द सुचतो. हत्तीने आपल्याच राजावर चालून जावे, असे या खेळात कधी घडतच नाही.

वस्तुतः या खेळातील हुद्दे आणि राजाचे स्थान ही दोन्ही वेळोवेळी पालटत आली आहेत. वजिराचा सर्व पटभर होणारा संचार युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस आला. त्यापूर्वी तो तिरपा एकच घर चालत असे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्या देशात हा खेळ चौघांनी मिळून खेळण्याचीही रीत होती. अलबेरूनीने १०३० च्या सुमारास लिहिलेल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात तिचे वर्णन आहे. चार खेळाडू, चार राजे, प्रत्येकाजवळ हत्ती, घोडा, रुख आणि चार प्यादी, व चाल फाशांच्या दानावर. वजीर या पटावर नाहीच. बंगालच्या रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्वा’तही चौघांचा खेळ वर्णिलेला आहे. चौघांचा खेळ आधीचा की दोघांचा, हा वाद जुना आहे. फोर्ब्स याने १८६० मध्ये चौघांच्या खेळास मूळ मानले, तर मरे याने १९१३ मध्ये ते मत खोडून काढले. आपल्या विवेचनास त्या वादाचा निकाल आवश्यक नाही. दोन्ही पट या भूमीत मांडले जात होते, एवढे पुरे.

या चौराजी पटाचे दोन नियम विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. अलबेरूनीच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक मोहऱ्याचे मोल ठरलेले असे : राजाचे पाच, हत्तीचे चार, घोड्याचे तीन, रुखाचे दोन, प्याद्याचे एक. तीन राजे मारणाऱ्यास पंधरा गुण मिळत, आणि ते त्याचा स्वतःचा राजा पटावरून गेलेला असला तरी मिळत. राजा गेला म्हणून डाव संपत नसे. राजाही मोलाने मोजला जाणारा एक मोहराच होता. ‘तिथितत्त्वा’तील नियम याहून सूचक आहे. तेथे चौघांत दोघे दोघे मित्र असतात. पण एकाचा राजा मित्राच्या सिंहासनावर जाऊन बसला, तर मित्राच्या सैन्याची आज्ञाही त्याच्याकडे येते.

आता वऱ्हाडाकडे वळावे. राजारामाच्या कारकिर्दीत परसोजी भोसल्यास सेनासाहेबसुभा हा किताब मिळाला, आणि १७०७ मध्ये शाहू सुटून आल्यावर त्याच्या पक्षास प्रथम मिळणाऱ्यांत परसोजी होता. १७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांकडे आली. त्यांत वऱ्हाड होता. इकडे निजामाने १७२० मध्ये बाळापूरजवळ आलम अलीचा व १७२४ मध्ये साखरखेर्ड्यास मुबारिजखानाचा पाडाव करून दक्षिणेत स्वतःचे राज्य उभे केले. परिणामी वऱ्हाडात एकाच गावाच्या वसुलावर निजामाचा आणि भोसल्यांचा असे दोन अंमल बसले. दुअमली म्हणतात ती हीच. पटाच्या एकाच घरात दोन राजांचे मोहरे एकाच वेळी उभे, ही स्थिती दोघांच्या खेळात कल्पितादेखील येत नाही.

सेनासाहेबसुभा हे पद कागदोपत्री छत्रपतींचे देणे होते. त्याची वस्त्रे साताऱ्याहून यावयाची. शाहूच्या आज्ञेने रघूजीने नात्याने चुलता लागणाऱ्या कान्होजीस कैद करून ते पद मिळविले, तेव्हा त्या आज्ञेत अद्याप जोर होता. शाहूच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७४९ नंतर, वस्त्रे तीच राहिली, पण ती कोणास द्यावयाची हे पुण्यात ठरू लागले. जानोजी १७७२ मध्ये वारल्यावर साबाजी व मुधोजी हे भाऊ या पदासाठी लढले. त्यांतील एक गाठ १७७३ मध्ये अकोल्याजवळ कुंभारीस पडली, आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला तेव्हाच तंटा मिटला. देशी बुद्धिबळात प्यादे शेवटच्या घरी पोचले की त्या घरच्या मोहऱ्याचा हुद्दा त्यास मिळतो. हुद्दा घराचा असतो, प्याद्याच्या पराक्रमाचा नव्हे. सेनासाहेबसुभा हा असाच घराशी बांधलेला हुद्दा झाला होता. कुंभारीच्या रणात साताऱ्याचा राजा कोणाच्याही बाजूने उभा नव्हता, तरी डाव अडला नाही.

जानोजीच्या आचरणाचा अर्थही या दृष्टीने निराळा लागतो. १७६३ मध्ये तो प्रथम निजामाच्या बाजूस होता, आणि राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी बत्तीस लाखांच्या मुलखाच्या बोलीवर माधवरावाकडे आला. १७६६ मध्ये पेशवा व निजाम हे दोघे मिळून त्याच्यावर चालून गेले. मग फितूर कोण? चौराजी पटावर हा प्रश्नच गैरलागू ठरतो. १७६९ च्या कनकापूरच्या तहाने जानोजीने पेशव्याच्या परवानगीवाचून फौज वाढवू नये असे ठरले. मित्राच्या सिंहासनावर बसून त्याच्या सैन्याची आज्ञा हाती घेण्याचा रघुनंदनाने नोंदविलेला नियम येथे अक्षरशः आठवतो. अर्थात माधवरावाने ‘तिथितत्त्व’ वाचले होते असे सुचविण्याचा हेतू नाही!

तथापि एका रूपकाच्या जागी दुसरे बसवून समाधान मानणे हाही आळसच होईल. चौराजी पटाचीही मर्यादा आहे, आणि ती वऱ्हाडात फार लवकर दिसते. पटावरची घरे वसूल देत नाहीत. दुअमलीचा भार ज्या कुणब्यावर पडला, त्याला कोणत्याच पटावर मोहरा नाही; प्यादेसुद्धा शिपाईच आहे. शिवाय खेळातले घर सर्वस्वी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावास भोसल्यांची फौज हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख रघूजीच्या हातून गेला. इंग्रजांनी तो निजामास दिला. परंतु गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले व त्यांखालचा काही प्रदेश त्याच तहाने भोसल्यांकडेच राहिला. भोवतालचा मुलूख एकाचा, त्यातला डोंगरी किल्ला दुसऱ्याचा, आणि दोघांच्याही हद्दी आखून देणारा तिसराच, ही मांडणी दोघांच्या पटावर बसत नाही आणि चौघांच्याही बसत नाही. तिच्यासाठी त्या तहाची कलमे आणि परगण्यांच्या जमाबंदीचे कागदच वाचावे लागतात.