तिकिटांच्या वहीचें मोल

जुन्या वाड्याची वांटणी होते तेव्हां भांडींकुंडीं, दागिने व देव यांची व्यवस्था बहुधा बिनबोभाट लागते. घोटाळा होतो तो ज्या वस्तूची किंमत कोणासच ठाऊक नसते तिच्यापाशीं. पंचवटींतल्या सुशिक्षित घरांत अशी एक वस्तु पुष्कळदां निघते, ती म्हणजे आजोबांची टपालाच्या तिकिटांची वही. एक भाऊ म्हणतो, हिचे लाखों रुपये यावयाचे. दुसरा म्हणतो, रद्दींत घाला. वही मात्र दोघांपैकीं कोणींच नीट वाचलेली नसते.

‘वाचलेली’ हा शब्द आम्हीं जाणूनच योजिला आहे. तिकिटांच्या वहींत निवड असते, मांडणी असते, कर्त्याची रुचि दिसते व कित्येकदां रुचीचा अभावहि दिसतो. मग ग्रंथाचें परीक्षण करितात तसें या वहीचें कां करूं नये? पण परीक्षणाकडे वळण्यापूर्वीं पैशाचा प्रश्न निकालांत काढलेला बरा; कारण तो मनांत असेपर्यंत वाचकाचें लक्ष दुसरीकडे लागावयाचें नाहीं.

जुनें तें मोलाचें, ही समजूत तिकिटांच्या बाबतींत साफ खोटी आहे. १८५४ सालीं कलकत्त्यास छापलेलें अर्ध्या आण्याचें निळें तिकीट पावणेदोनशें वर्षांच्या घरांत आलें. परंतु तें कोट्यवधि छापलें गेलें असल्यामुळें त्याच वर्षाच्या चार आण्यांच्या तिकिटांपैकीं, ज्यांवर राणीचें मस्तक उलटें पडलें, त्या मोजक्या प्रतींची सर त्यास कोठून येणार? उलट १९४८ सालचीं गांधीजींचीं तिकिटें वयानें धाकटीं. पण त्यांतलें दहा रुपयांचें जें तिकीट गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठीं ‘सर्व्हिस’ असा शिक्का मारून काढलें, त्याची चार तिकिटांची पट्टी २०१७ सालीं लंडनच्या एका व्यापाऱ्यानें ५ लक्ष पौंडांस विकली. ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि घरोघरच्या वह्या माळ्यावरून खालीं उतरल्या. त्यांत निघालीं तीं बहुतेक पुढच्या काळचीं, लाखांच्या संख्येनें छापलेलीं स्मारक तिकिटें. सत्तरऐंशीच्या सुमारास कित्येक गृहस्थांनीं अशा तिकिटांचे कोरे तावच्या ताव ठेव म्हणून घेऊन ठेविले. ते आज पुष्कळदां छापील किमतीसहि खपत नाहींत. शिवाय सूचींत दिलेली किंमत ही व्यापारी विकतो तेव्हांची असते, तो विकत घेतो तेव्हांची नव्हे. आणि तीहि निर्दोष प्रतीची. दांते तुटलेले, मागचा गोंद गेलेला, चार पावसाळ्यांच्या ओलीनें तांबूस डाग पडलेले, अशा तिकिटास सूचीचा आधार देणें हा स्वतःशींच केलेला विनोद होय. गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजणाऱ्या गांवांत कागदावरील ओलीविषयीं अधिक सांगावयास नको.

आतां परीक्षण. नाशिककरांच्या वहीस एक विशेष अधिकार आहे व तो बहुतेकांस माहीत नसतो. १८५५ पासून सत्तर वर्षें हिंदुस्थानचीं तिकिटें प्रामुख्यानें लंडनची द ला रू कंपनी छापीत असे. पुढें नाशिकरोडला सरकारी छापखाना निघाला आणि १९२६ पासून पंचम जॉर्जचीं तींच तिकिटें येथें छापूं लागले. चित्र तेंच, रंग तोच. पण कागद उजेडासमोर धरला तर लंडनच्या तिकिटांत एक मोठा तारा दिसतो व नाशिकच्या तिकिटांत लहान लहान ताऱ्यांची रांग. एवढ्या एका खुणेवरून देशाच्या कारभारांतील एक स्थित्यंतर नातवाच्या चिमटींत येतें. ज्या वहींत हीं दोन तिकिटें शेजारीं शेजारीं लाविलीं असतील, तिच्या कर्त्यास दृष्टि होती असें खुशाल समजावें. बाजारांत दोहोंस फारसें मोल नाहीं.

कलेच्या दृष्टीनें पाहतां नाशिकचें काम सारखें नाहीं. १९२९ सालचीं हवाई टपालाचीं सहा तिकिटें उमेदीचीं आहेत. १९३१ सालचीं नव्या दिल्लीच्या उद्घाटनाचीं सहा तिकिटें आम्हांस निर्जीव वाटतात. खांब, कमानी व सचिवालयें यांपलीकडे त्यांत कांहीं नाहीं, आणि माणूस तर औषधालाहि सांपडत नाहीं. नाशिकची खरी करामत पाहावयाची ती १९३७ च्या मालिकेंत. दोन आण्यांवर धांवणारा टपालवाला, अडीच आण्यांवर बैलगाडी, तीन आण्यांवर टांगा, साडेतीनवर उंट, मग आगगाडी, आगबोट, मोटार आणि शेवटीं बारा आण्यांवर विमान! सहाव्या जॉर्जचें मस्तक कोपऱ्यांत आहेच. पण लक्ष जातें तें धांवणाऱ्याकडे. पत्र आपल्या दारापर्यंत कसें येतें हें आठ चित्रांत सांगणारी ही मालिका आमच्या मतें त्या काळच्या तिकिटांत सर्वांत वाचनीय होय. स्वातंत्र्यानंतर २१ नोव्हेंबर १९४७ रोजीं ‘जय हिंद’ अशीं अक्षरें व तिरंगी निशाण असलेलें साडेतीन आण्यांचें तिकीट निघालें. त्याचा साधेपणा त्या क्षणास शोभतो. पुढल्या वर्षीं गांधीजींचीं तिकिटें मात्र स्वित्झर्लंडांत छापविलीं! छपाई सुरेख, ‘बापू’ हीं अक्षरें नागरी व उर्दू अशा दोन्ही लिपींत. पण जन्मभर चरखा चालविणाऱ्या पुरुषाचें चित्र परदेशीं छापवावें, यावर त्यांनीं स्वतः काय म्हटलें असतें याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथवर तिकिटांविषयीं झालें. वहीविषयीं आमचें म्हणणें याहून कठोर आहे. तिकिटें जमविण्याचा छंद ज्या रीतीनें आपल्याकडे रूढ झाला, तिनेंच वहीचा अर्धा अर्थ धुऊन टाकिला. ‘धुऊन’ हें अक्षरशः घ्यावें. दिवाणखान्यांत तारेला टोंचून ठेवलेलीं पत्रें असत. पोरानें पाकिटाचा कोपरा फाडावा, वाटींतल्या पाण्यांत भिजत घालावा, तिकीट सुटलें कीं वर्तमानपत्रावर वाळवावें व वहींत ‘ब्रिटिश इंडिया’ या मथळ्याखालीं चिकटवावें. पत्र कोणीं कोणास लिहिलें, कोणत्या टपालकचेरीचा शिक्का होता, वाटेंत किती दिवस लागले, हें सारें त्या वाटींतल्या पाण्याबरोबर मोरींत गेलें. उरलें तें राजाचें मस्तक, आणि तें तर सर्वांच्याच घरीं होतें.

या ठिकाणीं पंचवटींतल्या दुसऱ्या एका वहीची आठवण करून देणें आवश्यक वाटतें. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहा. यात्रेकरूचें नांव, गांव, कूळ, आल्याची तिथि, बरोबर कोण होतें, हें बहुधा त्याच्याच हस्ताक्षरांत त्यांत नमूद असतें. आणि वऱ्हाडांतून वा कोंकणांतून रामकुंडावर आलेल्या माणसास आपल्या पणजोबाची सही तेथें वाचावयास मिळते. त्या वहीच्या किमतीचा आंकडा कोणी विचारीत नाहीं, आणि ती रद्दींतहि कोणी घालीत नाहीं. दोन्ही वह्या कागदाच्याच; एकींत माणसांचीं नांवें राहिलीं, दुसरींतून तीं आपण होऊन काढून टाकिलीं. मग नातवास दुसरी वही परकी वाटली तर नवल तें काय?

आणि विलक्षण गोष्ट ही कीं, व्यापाऱ्यासहि आतां नांवेंच हवीं असतात. भोर संस्थानानें १८७९ सालीं व पुन्हां १९०१ सालीं स्वतःचीं तिकिटें काढिलीं. त्यांपैकीं एखादें सुटें तिकीट आणि तेंच टपालांतून गेलेल्या पाकिटावर असलेलें तिकीट, यांच्या किमतींत फार अंतर पडतें. पाकीट म्हणजे पुरावा होय. बाजाराचा व इतिहासाचा कौल एकसारखा पडावा असा योग विरळा. येथें तो आला आहे, आणि आपण पाकिटें जाळून बसलों आहों.

छंद ओसरला याचीं कारणें शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. पत्रच राहिलें नाहीं, तेथें तिकीट कोठून यावें? तार १४ जुलै २०१३ रोजीं शेवटची गेली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल ही निराळी सेवा उरली नसून ती स्पीड पोस्टांत मिळविली गेली. खिडकीवर पाकीट दिलें असतां आतां छापील पट्टी चिकटते. तिकिटें निघतात, पण तीं पत्रासाठीं निघतात कीं संग्राहकासाठीं, असा प्रश्न पडावा इतक्या संख्येनें निघतात. संग्राहकासाठींच केलेली वस्तु जमविण्यांत शोधाचा आनंद नसतो. वडीलमंडळींकडेहि थोडा दोष जातो. ‘यानें भूगोल सुधारतो’ असें सांगून त्यांनीं या खेळाचा गृहपाठ केला, आणि ‘पुढें हिचे पैसे होतील’ असें सांगून गृहपाठाची पेढी केली. भूगोल आज मुलांच्या हातांतल्या फोनमध्यें आहे व पैसे झाले नाहींत. तेव्हां मुलें गेलीं, यांत त्यांचें काय चुकलें?

तरीहि थोड्या खर्चांत चांगली वही करणें आजहि शक्य आहे. उदाहरणार्थ, एकाच पानावर तीन तिकिटें लावावीं: १९६६ चें डॉ. आंबेडकरांचें पंधरा पैशांचें, १९७१ चें दादासाहेब फाळक्यांचें वीस पैशांचें, १९७३ चें विष्णु दिगंबर पलुसकरांचें तीस पैशांचें. पहिल्याच्या खालीं लिहावें कीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजीं याच वस्तींत सुरू झाला. दुसऱ्याच्या खालीं, त्र्यंबकेश्वर हें फाळक्यांचें जन्मस्थान. तिसऱ्याच्या खालीं, पलुसकरांचा रामनाम आधाराश्रम पंचवटींतच होता. हें पान बाजारांत चार पैशांचें नव्हे. पण तें दुसऱ्या कोणत्याहि गांवच्या माणसास असें लावतां येणार नाहीं. आमच्या पाहण्यांत आलेल्या जाड जाड वह्यांतून असें एकहि पान आढळलें नाहीं. हंगेरी व मोनॅको मात्र भरपूर.

ज्यांच्या घरीं वही निघाली आहे, त्यांनीं प्रथम तिच्याबरोबर आलेली पाकिटांची, कार्डांची व तारेवरच्या पत्रांची गठडी शोधावी. तींतील एकहि तिकीट भिजवून काढूं नये. पत्र कोणाचें व कोणास, हें सांगणारें माणूस घरांत हयात असेल तोंवर त्यास विचारून पेन्सिलीनें निराळ्या चिठ्ठीवर टिपून ठेवावें. पाकिटावर लिहूं नये. वहींतील तिकिटांमागचा कागद ओढून काढण्याच्या भरीस पडूं नये. त्यानंतर दोन व्यापाऱ्यांस दाखवून जो भाव येईल त्यास वही खुशाल विकावी व पैसे भावांनीं वांटून घ्यावे. पत्रांची गठडी मात्र वांटणींत घालूं नये. ज्याच्या घरांत ओल कमी, त्याच्याकडे ती ठेवावी.