फाईलनावांची स्वच्छता आणि स्थलनामांची ओळख : रेग्युलर एक्स्प्रेशन पद्धतीची चिकित्सा
(विशेष संदर्भ : पेण व रोहा तालुके, जि. रायगड)

प्रास्ताविक

ग्रामपंचायती, सहकारी संस्था व शाळा-महाविद्यालये यांची कागदपत्रे स्कॅन होऊन संगणकावर आली, तेव्हा फाईलींना नावे ज्याने-त्याने आपल्या सोयीने दिली. कोणी गाव आधी लिहिले, कोणी तारीख. कोणी जागा सोडली, कोणी अधोरेषा घातली. अशा शेकडो नावांना एकदम शिस्त लावण्याचे साधन म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशनचा पुरस्कार केला जातो. स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ च्या निबंधात या संकल्पनेचा पाया असून केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये तिचा मजकूरशोधासाठी उपयोग दाखविला. प्रस्तुत लेखात ही पद्धत मराठी स्थलनामांच्या कसोटीवर तपासली आहे.

पद्धतीचे सामर्थ्य

नावाच्या बाह्य रूपापुरती ही पद्धत निःसंशय उपयुक्त आहे. दुहेरी जागा काढणे, दिवस-महिना-वर्ष हा क्रम उलटून वर्ष आधी आणणे ही कामे एका नियमात होतात. सातबाराचा उतारा हे बोलके उदाहरण होय. '७/१२' मधील तिरकी रेघ विंडोजमध्ये फाईलनावात चालत नाही. म्हणून तो कोठे '७-१२', कोठे '७_१२', तर कोठे '७१२' असा लिहिला जातो. ही तिन्ही रूपे एक नियम एकत्र आणू शकतो.

मर्यादा

अडचण सुरू होते ती गावाच्या नावापाशी. रोमन लिपीतील 'पेण'ची तीन अक्षरे 'पेन्शन', 'पेंडिंग' आणि 'ओपन' या शब्दांतही येतात. शब्दसीमेची अट घालावी, तर बहुतेक प्रणाली अधोरेषेला शब्दाचाच भाग मानतात. त्यामुळे अधोरेषेने जोडलेले खरे 'पेण' निसटते.

देवनागरीत दोष अधिक गंभीर होतो. 'अ' पासून 'ह' पर्यंतची अक्षरे ठेवावीत, असा नियम केल्यास काना, मात्रा, वेलांटी वगळली जातात, कारण युनिकोडमध्ये त्यांची जागा 'ह'च्या पुढे आहे. पायथनच्या अंगभूत साधनातील 'शब्दवर्ण' या वर्गातही ही चिन्हे येत नाहीत; युनिकोडची शिफारस मात्र त्यांना शब्दवर्ण मानण्याची आहे. अशा नियमाने उरलेली चिन्हे पुसली, तर 'रोहा'चे 'रह' होते. 'पेण'चे 'पण' होते आणि 'पुणे'चेही 'पण'च होते. दोन गावांच्या फाईलींचे नाव एक झाले की काही प्रणालींत नंतरची फाईल आधीच्या फाईलीवर बिनबोभाट लिहिली जाते. स्वच्छतेच्या नावाखाली दस्तऐवजच नाहीसा होतो.

याउलट, डोळ्यांना एक दिसणारे नाव यंत्राला दोन वाटू शकते. 'शेतकऱ्यांचे अर्ज' यातील अर्धा र दोन वेगळ्या संकेतक्रमांनी टंकित होतो; एका क्रमासाठी लिहिलेला नियम दुसऱ्याला ओळखत नाही.

नावामागील आशय

सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविषयी सार्वमत घेण्यात आले. जमिनीचा प्रश्न गावनिहाय मांडला जातो, तेथे कागद कोणत्या गावाचा, हाच पुराव्याचा प्राण असतो. पेण तालुक्यात वाशी आहे, नवी मुंबईतही वाशी आहे. नुसत्या अक्षररचनेवरून हा भेद कोणताही नियम सांगू शकत नाही. तो कागद वाचणाऱ्यालाच कळतो. रोहा तालुक्यातील नागोठणे रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते. ही सर्व रूपे एकाच गावाची आहेत, हे ज्ञानही नियमाबाहेरचे, स्थानिक माहितीचे आहे.

निष्कर्ष

रेग्युलर एक्स्प्रेशन आकृती ओळखते, अर्थ ओळखत नाही. दोष साधनाचा नसून त्यावर टाकलेल्या भाराचा आहे. म्हणून पुढील क्रम इष्ट ठरतो. प्रथम जुन्या व प्रस्तावित नावांची तक्ताबद्ध यादी करावी. दोन नावे एक होत नाहीत ना, हे पाहावे. स्थलनामांसाठी तालुकानिहाय प्रमाण यादी वापरावी. आणि मूळ नावे कायम जतन करावीत. मूळ नावातील अव्यवस्था हीदेखील कागद कोणी, केव्हा व कशासाठी जपला याची साक्ष असते. ती साक्ष पुसण्यापूर्वी नोंदविणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.